वत्सूचे सव्वीस दात

गेल्या वर्षीचा ऑगस्ट, दुसरा शनिवार, सकाळी पावणेअकरा. तपासणीची फी पाचशे रुपये, आगाऊ भरलेली. हजर माणसं: मी, माझी बायको सुनंदा, माझी धाकटी बहीण वत्सला, दातांचे डॉक्टर, त्यांची काउंटरवरची मुलगी आणि बाहेर सोफ्यांवर बसलेले सात पेशंट. एकूण बारा. या बारा जणांत जे झालं ते लिहितो. त्यातला माझा वाटा वगळणार नाही.

वत्सू एकेचाळीस वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे. हा शब्द आमच्या घरात आला तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. त्याआधी गावात तिच्यासाठी एकच शब्द होता, येडी. ती फार बोलत नाही. तीस-चाळीस शब्द असतील. नवीन जागी गेली की ती मागेपुढे झुलते आणि घशातून एक बारीक आवाज काढते, पंख्याच्या मोटरसारखा, न थांबता. त्या दवाखान्यात एसी होता, काचेचं दार होतं, भिंतीवर हसणाऱ्या गोऱ्या बाईचा फोटो होता. वत्सूने आवाज सुरू केला. शिवाय तिच्या तोंडाला वास येत होता. शेजारच्या बाईंनी ओढणी नाकाला लावली आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकल्या.

काउंटरवरची मुलगी उठून आली. "काका, तुम्ही यांना घेऊन बाहेर जिन्यावर थांबता का? बाकीचे पेशंट अनकम्फर्टेबल होतात."

आम्ही जिन्यावर थांबलो. पन्नास मिनिटं. आमच्या मागून आलेले तीन पेशंट आमच्या आधी आत गेले. मी मोजले.

मग बोलावलं. खुर्ची मागे झुकली, तोंडावर दिवा लागला आणि वत्सू किंचाळली. डॉक्टर म्हणाले, "धरा." मी तिचे दोन्ही हात धरले. घट्ट. माझ्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही तिच्या मनगटावर होते. डॉक्टरांनी आरसा घालून अर्धा मिनिट पाहिलं असेल.

"बाप रे. हे तोंड आहे की गटार? हिरड्या पार सडल्यात. सव्वीस दात आहेत, सगळे काढून टाकू. भूल देऊन, एकाच बैठकीत. ऐंशी हजारांच्या आसपास जाईल. पण कटकट कायमची संपेल."

मी विचारलं, "मग ती खाणार काय, डॉक्टरसाहेब?"

"पेज. वरणभात. नाहीतरी हिला कुठं दात दाखवून लग्न ठरवायचंय?"

काउंटरवरची मुलगी दारात उभी होती, ती हसली. बाहेर सोफ्यावरचं कोणीतरी हसलं. दार उघडंच होतं.

मीही हसलो.

सुनंदा हसली नाही. वत्सू खुर्चीतून उतरून कोपऱ्यात तोंड करून उभी होती. माझी बहीण कोपऱ्यात, आणि मी तिच्यावर हसतोय. का हसलो? साहेब लोक विनोद करतात तेव्हा हसायचं असतं, म्हणून. माझ्या बापाने तेच केलं, मी तेच करत आलो. डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला. नातेवाइकाची संमती. मी सही केली. तारीख घातली. सहीखाली नाव नीट अक्षरात लिहिलं. कागदाच्या बाबतीत मी काटेकोर आहे.

आम्ही रिक्षाने घरी आलो. सुनंदा बोलली ती स्वयंपाकघरात, पाठ करून.

"कारखान्यात एवढ्या एवढ्या भोकांत डोकावता. पगार घेता त्याचा. बहिणीच्या तोंडात कधी डोकावलात?"

मी वसई पूर्वेला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. सत्तावीस वर्षं. व्हॉल्व्हचे भाग तपासतो. व्हर्नियर घेऊन मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजायचं काम. जरा इकडेतिकडे असलं की माल परत. माझ्या हातून गेलेला माल गिऱ्हाइकाने परत पाठवला असं फक्त दोनदा झालंय. याचा मला अभिमान होता. वत्सूच्या तोंडात मात्र मी कधीच डोकावलो नव्हतो. एकदाही नाही.

आता मशेरीचं सांगतो.

आमचं घर वसईजवळ, वटार गावाच्या बाजूला. थोडी वाडी आहे, सोनचाफ्याची झाडं आहेत. वत्सू पहाटे कळ्या खुडते आणि दहा दहा मोजून केळीच्या पानात बांधते. तिची मोजणी चुकत नाही. लहानपणी तिला टूथपेस्ट लावली की ती ओकायची. फेस तोंडात आला की भिंतीवर डोकं आपटायची. आई तंबाखू तव्यावर भाजून मशेरी करते, आमच्याकडे बऱ्याच घरांत म्हाताऱ्या बायका करतात. वत्सू पंधरा-सोळा वर्षांची असताना आईने आपल्या मशेरीचं बोट एकदा तिच्या हिरड्यांवर फिरवलं. वत्सू शांत बसली. त्या दिवसापासून रोज, सकाळ-संध्याकाळ, दोघी पडवीत बसून मशेरी लावायच्या. पाहुणे आले की आम्ही कौतुकाने सांगायचो, "पेस्ट नाही चालत, पण आमची वत्सू रोज दात घासते हं."

तंबाखूचा पुडा बाजारातून मी आणायचो. दर महिन्याला. पंचवीस वर्षं. म्हणजे तीनशे पुडे. हे कुणी माझ्यावर लादलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वत्सूने स्वतःच्या गालावर मूठ मारायला सुरुवात केली. डाव्या गालावर. जेवताना जास्त. आई म्हणाली, वेड वाढलं. मी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं आणि सांगितलं, फार हिंसक झालीय. त्यांनी गोळी दिली. सहा महिन्यांनी ती दुप्पट केली. वत्सू दिवसभर झोपायची, तोंड कोरडं पडायचं, ओठ फुटायचे. तरी मूठ थांबली नाही. मग मी तिच्या हातात क्रिकेटचे ग्लोव्हज घातले आणि मनगटाशी नाड्या बांधल्या. माझ्या मुलाचे जुने ग्लोव्हज होते ते. रविवारी सगळे घरी असले की ती टीव्हीसमोर ते घालून बसायची. शेजारचे विचारायचे, "काय वत्सू, बॅटिंग का?" सगळे हसायचे.

तिला दुखत होतं. दोन वर्षं. तिच्याजवळ सांगायला फक्त ती मूठ होती. ती आम्ही बांधून टाकली.

हे मला कुणी समजावलं नाही. ते सुनंदाने शोधलं. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी वत्सूने चहात बुडवलेला पाव चावून टाकून दिला. सुनंदाने तो उचलून उजेडात पाहिला. पावाला रक्त होतं. तिने उशीचा अभ्रा पाहिला. तिथेही. मग मला न सांगता तिने वत्सूला घेतलं आणि बसने नालासोपाऱ्याला गेली. रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला, तुळिंजमध्ये. शिवणकाम शिकवणाऱ्या मैत्रिणीने तिला तिथल्या एका डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं होतं. छोटा दवाखाना, खाली भाजीवाले, वर एक खोली. संध्याकाळी मला म्हणाली, "शनिवारी तुम्ही यायचं. मी तुम्हाला विचारत नाहीये."

मी गेलो. चिडूनच गेलो. सही झालेली होती, तारीख ठरलेली होती. आता हे काय नवीन?

डॉक्टर बाई पस्तिशीच्या असतील. त्यांनी वत्सूला मोठ्या खुर्चीत बसवलंच नाही. प्लास्टिकच्या साध्या खुर्चीत, खिडकीपाशी बसवलं. स्वतः खाली स्टुलावर बसल्या. वरचा दिवा बंद केला. आवाज करायचा तर करू दिला. आणि माझ्याशी नाही, तिच्याशी बोलल्या.

"वत्सलाताई, हा आरसा आहे. हातात घ्या. आता मी तुमच्या तोंडात घालणार आणि दहापर्यंत मोजणार. दहा झाले की बाहेर. चालेल?"

वत्सूने आरसा हातात फिरवला. चाटून पाहिला. मी म्हणालो, "अगं वत्सू!" बाईंनी मला हाताने गप्प केलं.

"एक, दोन, तीन, चार..."

चारला वत्सू म्हणाली, "नको."

बाईंनी आरसा बाहेर काढला. लगेच. "बरं. आज चारपर्यंत. पुढच्या शनिवारी या."

मला काही समजेना. "डॉक्टर, मी धरतो ना तिला. तिची सवय आहे, ती नको म्हणतेच."

"धरायचं नाही." मग माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "दादा, त्यांना दुखतंय हे तुम्हाला कधी कळलं?"

मी आठवायला लागलो. तारखा लक्षात ठेवणारा माणूस मी. कारखान्यात कुठल्या लॉटमध्ये काय दोष होता ते दहा वर्षांमागचं सांगतो. पण या प्रश्नाला तारीखच सापडेना. कारण कळलंच नव्हतं. खिडकीखाली भाजीवाला भाव ओरडत होता. मी म्हणालो, "आत्ता."

त्या दिवशी बाईंनी दोनशे रुपये घेतले. चार आकडे मोजण्याचे. परतताना बसमध्ये मी तोच हिशेब करत होतो, की चार आकड्यांचे दोनशे. मग एकदम लक्षात आलं की वत्सूच्या 'नको'वर कुणी थांबलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. एकेचाळीस वर्षांत. आईबाप, शाळा, डॉक्टर, मी, कुणीच थांबलं नव्हतं. ती नको म्हणते ही आम्ही तिची सवय धरली होती. दार वाजतं तसा एक आवाज. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

पुढच्या शनिवारी सातपर्यंत. त्याच्या पुढच्या शनिवारी वत्सू स्वतःच मोजायला लागली, चाफ्याच्या कळ्या मोजते तशी, आणि दहाला स्वतः तोंड मिटलं. चौथ्या वेळी बाईंनी एक बारीक सळई काढली. तिच्यावर खुणा होत्या. ती हिरडीत हलकेच घालत बाई आकडे सांगायच्या आणि मी लिहायचो. तीन. तीन. पाच. चार. सात. सात. सहा.

"हे कशाचं माप?"

"दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीचं. मिलिमीटरमध्ये. तीनपर्यंत ठीक. त्यापुढे आजार. आत हाड झिजत जातं."

तीनच्या जागी सात. असा माल माझ्या टेबलावर आला असता तर मी तो फेकला असता आणि ऑपरेटरला सगळ्यांसमोर झापलं असतं. इथे ऑपरेटर कोण होता?

"तोंडाला मशेरी लावतात का कुणी?"

"आई लावते."

"ताईंना?"

मी वहीतला सहाचा आकडा पुन्हा गिरवला. सुनंदा म्हणाली, "सांगा ना. पुडा कोण आणतं ते पण सांगा."

सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, तंबाखूने हिरड्यांचं रक्त वरून कमी दिसतं, दुखणं बधिर होतं, आणि आत सगळं चालू राहतं. गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं, त्याने भर पडली. गोळ्या तुमच्या मनाने बंद करू नका, त्या डॉक्टरांशी मी बोलते. सव्वीसपैकी पाच दात वाचणार नाहीत. एकवीस वाचतील. पण रोज घासावे लागतील, दोन वेळा, दुसऱ्याच्या हाताने. कोण घासणार?

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी."

आईशी बोलणं राहिलं होतं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. पडवीत डबी घेऊन बसली होती, वत्सू शेजारी. मी म्हणालो, "आई, उद्यापासून तिला मशेरी नाही."

"का? कोन सांगतं?"

"डॉक्टर. हिरड्या गेल्यात तिच्या."

"जाऊं दे. कोन बघतंय तिच्या तोंडात? तेवढंच सुख हाय पोरीला. माझी बंद कर हवी तर. तिची नको करू."

"तिच्या दुखण्याला तू वेड म्हणालीस, आई. मीही म्हणालो."

आईने डबीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मला कुनी सांगितलं नाय रे." मी तिला बोल लावू शकलो नाही. मला तरी कुणी सांगितलं होतं? पण मी दहावी शिकलेला, आयटीआय केलेला, पेपर वाचणारा. आईला माफ करायला कारण होतं. मला नव्हतं.

वत्सूने मशेरीसाठी अकरा दिवस रडून घर डोक्यावर घेतलं. ब्रशचंही तसंच. फेस न होणारी, चव नसलेली पेस्ट बाईंनी लिहून दिली होती. आठ दिवस तिने फक्त ओला ब्रश हातात धरला. नवव्या दिवशी तोंड उघडलं आणि माझं बोट चावलं. रक्त आलं. माझं. मी हात मागे घेतला नाही, पण तिने "नको" म्हटल्यावर ब्रश खाली ठेवला. दहाव्या दिवशी तिने दहा मोजले.

मग मी त्या पहिल्या दवाखान्यात गेलो. एकटा नाही. वत्सूला घेऊन, सुनंदाला घेऊन. सही केलेला कागद परत घ्यायचा होता. काउंटरवरच्या मुलीने आम्हाला पाहिलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात वत्सू सोफ्यावर बसली. मी तिच्या शेजारी बसलो. तिचा आवाज सुरू झाला. मी कुणाकडे माफीच्या नजरेने बघितलं नाही. फार कठीण गेलं ते. माझी मान आपोआप खाली जायला बघत होती.

डॉक्टर बाहेर आले. "काय काका, पुढच्या आठवड्यात ना?"

"करायचं नाही. माझा फॉर्म द्या."

"घाबरलात की काय? अहो, मग काय सव्वीस दात घासत बसणार रोज?"

"एकवीस. पाच काढावे लागणार आहेत. एकवीस घासतोच आहे."

"बघा बुवा. उद्या परत याल रडत."

तिथेच निघून यायचं ठरवलं होतं. पण बोललो. "डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, हिला कुठं दात दाखवून लग्न ठरवायचंय. तुम्ही बोललात आणि मी हसलो. माझी बहीण तिथं उभी होती. तिला ऐकू येतं. ते हसणं मी परत घेतो. तुमच्या बोलण्याचं तुम्ही बघा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने मोबाइलचा आवाज वाढवला. डॉक्टर म्हणाले, "यांना फॉर्म देऊन टाक गं," आणि आत गेले. आम्ही फॉर्म घेतला. खाली उतरताना सुनंदा म्हणाली, "आज तुम्ही त्यांना 'साहेब' म्हणाला नाहीत." माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

पाच दात वसईतल्याच एका रुग्णालयात भूल देऊन काढले. त्याआधी दोनदा आम्ही वत्सूला तिथे नुसतं नेऊन आणलं, बेड दाखवला, मास्क हातात दिला. डॉक्टर बाई स्वतः हजर होत्या. दात काढल्यानंतर तीन आठवड्यांत मूठ थांबली. गोळी मनाच्या डॉक्टरांनी हळूहळू निम्मी केली. वत्सू जागी असते आता. गाणी लावते. चिडते. मला ब्रश हातात घेऊन पडवीत बोलावते, कधी कधी रागानेच.

पण हे सुखान्त म्हणून लिहीत नाही. सहा महिन्यांनी बाईंनी पुन्हा मापं घेतली. बरेच आकडे उतरले. डाव्या बाजूला दोन ठिकाणी सात होतं, ते सातच आहे. मी विचारलं, "हे कधी भरेल?" त्या म्हणाल्या, "भरणार नाही. गेलेलं हाड परत येत नाही. आहे ते टिकवायचं." मी ते वहीत लिहिलं. सात, सात. ते दोन आकडे माझे आहेत. माझ्या तीनशे पुड्यांचे, माझ्या सहीचे, मी बांधलेल्या नाड्यांचे. ते कमी होणार नाहीत, आणि व्हावेत अशी माझी मागणीही नाही.

ठरवलंय ते एवढंच. वत्सूचा हात मी पुन्हा धरणार नाही आणि कुणाला धरू देणार नाही. तिच्या शरीराला लागणाऱ्या कुठल्याही कागदावर तिला विचारल्याशिवाय सही करणार नाही. विचारायला चार शनिवार लागले तर चार, चाळीस लागले तर चाळीस. ज्याला वेळ नाही त्याने आमच्याकडून फी घेऊ नये.

गेल्या मंगळवारी सकाळी तिने पुन्हा गालावर मूठ मारली. एकदाच. मी डबा खाली ठेवला, हात धुतले, बॅटरी घेतली आणि म्हणालो, "वत्सू, बघू?" तिने तोंड उघडलं. उजव्या बाजूला, मागच्या दाताजवळ, छोटी पांढरी पुळी होती. कारखान्यात फोन करून रजा सांगितली. साहेब म्हणाले, "इन्स्पेक्शनचा दिवस आहे आज, एका पुळीसाठी?" मी म्हणालो, "हो, एका पुळीसाठी." साडेनऊला आम्ही तुळिंजला पोचलो. रजा बिनपगारी लागली. डॉक्टर बाईंना चारशे रुपये दिले. वत्सूने स्वतःच्या हाताने, मोजून.